कडूबाचा हात

"भाऊ, चला लवकर! तुमची ती पुन्हा रुसली."

मोटारसायकल बंद न करताच धोंडिबा अंगणातून ओरडत होता. कडूबाचा एक गाल दाढी करून झाला होता, दुसऱ्यावर अजून साबण होता. गुरुवार म्हणजे त्याच्या सुट्टीचा दिवस. पण या हिवाळ्यात एकाही गुरुवारी त्याची अंघोळ धड झाली नव्हती.

"किती गाड्या लागल्या?" टॉवेलानं साबण पुसतच त्यानं विचारलं.

"पार डांबरीपर्यंत शेपूट गेलं ना. त्यो मक्यावाला डायवर तर शिव्याच देऊ लागलाय."

आवडाबाई चुलीवरून अंघोळीचं पाणी उतरवत होती. मागं न वळताच ती म्हणाली, "जा, जा. मी इतकी वर्सं रुसले, पण मला मनवायला कुणी फटफटी घेऊन नाय आलं कधी."

"वैनी, तुमच्या रुसण्यानं ट्रका नाय ना थांबत."

"थांबल्या असत्या रे! यांनी मला रोडवर जाऊ दिलं असतं तर."

कडूबानं अर्धी दाढी मफलरात लपवली आणि मागं बसला.

वजनकाटा चितेगावच्या शिवारात, पैठण रोडला लागून होता. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाटा आणि बाजूला पत्र्याची केबिन. गाडी पाट्यावर चढली की आतल्या कॉम्प्युटरवर वजन उमटायचं, पावती निघायची, गाडी उतरायची. मका, कापूस, भंगार, खडी. बिडकीनकडं नव्या कंपन्या उठल्यापासून लोखंडाच्या गाड्याही वाढल्या होत्या. हे सगळं चालायचं त्या एका जुन्या मशीनवर. तिच्या पांढऱ्या डब्याचा रंग आता जुन्या दातांसारखा पिवळट झाला होता.

"आले, डॉक्टर आले!" रांगेतला एक ड्रायव्हर ओरडला.

कडूबा केबिनमध्ये शिरला. टेबलावर मशीन नि तिच्या शेजारचा कीबोर्ड, दोन्ही एका जाड गोधडीखाली झाकलेले होते. आतून टूं टूं टूं असा बारीक, चिरका आवाज येत होता. कडूबानं गोधडीवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. उदबत्ती लावून खिडकीच्या चौकटीत खोचली. मग गोधडी काढली, तिची नीट चौघडी केली, खुर्चीवर ठेवली. मशीनचं बटण दाबून धरलं. आवाज मेला. पुन्हा एकदा दाबलं.

टुक. एकच आवाज आला, आणि पडद्यावर उजेड पडला.

"घ्या!" धोंडिबानं कपाळावर हात मारला. "अवो म्या काय येगळं केलं मग? म्याबी हेच बटण दाबलं. एकदा नाय, पन्नासदा!"

"बटण तेच रे बाबा," मक्यावाला ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "हात येगळा हाय."

ते वाक्य रोडवर पसरलं. कडूबाचा हात लागल्याशिवाय काटा सुरू होत नाही, असं चहाच्या टपरीवरसुद्धा लोक बोलू लागले. कडूबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण घरी जाताना सायकलवर त्याची पाठ जरा ताठ असायची.

*

कडूबा सांडू दांडगे. आधीची दोन लेकरं गेल्यावर हा झाला, म्हणून दृष्ट लागू नये अशा बेतानं आईनं नाव ठेवलं कडूबा. तरुणपणी त्यानं मोंढ्यात पोती वाहिली. काटा बसला तेव्हा थोरल्या शेठनं त्याला इथं आणलं आणि खुर्चीवर बसवलं. उभ्या जन्मात पाठीवर वजन घेणारा माणूस आता वजन नुसतं बघू लागला, यानं त्याला पहिले काही महिने लाजल्यासारखं व्हायचं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. कोणतं बटण कुठं आहे हे बोटांना पाठ होतं, बस.

थोरल्या शेठचे गुडघे गेले आणि मुलगा शिवम काटा बघू लागला. पोरगा वाईट नव्हता. काकांच्या पाया पडायचा, दिवाळीला मिठाई द्यायचा. एकदा त्यानंच कडूबाला गाडीत बसवून सरळ सांगून टाकलं होतं.

"काका, राग मानू नका. गेटवर एक माणूस आणि काट्यावर एक, हे आता परवडत नाही. होळीपासून एकाच माणसावर चालवायचंय. धोंडिबा गेटच्या खोलीतच राहतो, रात्री-बेरात्री गाडी आली तरी आहे. पावती काढणं मी शिकवलंय त्याला."

"बरोबर हाय," कडूबा म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

"फक्त हे मशीनचं काय ते कळेना. त्याच्या हातानं सुरूच होत नाही. बंद पडलं तर दिवस जातो. ते सुटेपर्यंत तुम्ही आहातच."

तर असं होतं. मशीन धोंडिबाच्या हातानं सुरू झाली की कडूबानं घरी बसायचं. हे शिवमला माहीत होतं, धोंडिबाला माहीत होतं आणि कडूबाला तर होतंच. म्हणून गुरुवारी अंगणात मोटारसायकल वाजली की तो वैतागायचा, आणि त्या वैतागाच्या तळाशी त्याला बरंही वाटायचं.

मशीन का अडते याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. थंडी. थोरल्या शेठची जुनी डिझेल जीप हिवाळ्यात अशीच करायची. किल्ली अर्धी फिरवून तिला आधी तापू द्यावं लागे, मग ती घेई. या मशीनचंही वय झालेलं. म्हणून तो सकाळी पांघरुणाची कड उचलून बटण दाबायचा, आणि तिला पांघरुणातच ऊब धरू द्यायचा. तोवर पाटा झाडायचा, फटीतले मक्याचे दाणे काढायचा, टपरीवर चहा घ्यायचा. परत आला की ती आत चिरकत असायची. मग उदबत्ती लावायची, पांघरूण काढायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. आता ती तापलेली असायची, सुरू व्हायची. एकदाही त्याचा अंदाज चुकला नव्हता.

धोंडिबालाही त्यानं बजावून ठेवलं होतं, "ऊब धरल्याबिगर पांघरूण काढायचं नाय. गार वारं बसलं की अजून अडते ती."

आणि धोंडिबा बिचारा गुरुवारी गोधडीला हात न लावता, नुसती कड उचलून, बटण दाबत बसायचा.

*

शिवमनं छावणीतून दीपमालाला बोलावलं. छावणीच्या बाजारात तिचं लहानसं दुकान होतं. नवे कॉम्प्युटर विकणाऱ्यांनी हात झटकले की लोक जुन्या मशिनी तिच्याकडं आणायचे. बाळंतपणानंतर ती नुकतीच पुन्हा कामाला लागली होती.

पहिल्यांदा ती दुपारी आली. मशीन उघडली, आतली धूळ उडवली, एक हिरवी पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. घड्याळाचा गोल सेल बदलला. बंद केली, चालू केली. टुक. पुन्हा. टुक.

"हिला तर काही नाहीच झालेलं, काका."

"आत्ता कुठं थंडी हाय?" कडूबा म्हणाला. "सकाळी बघा."

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. ती पुन्हा दुपारी आली. आतला वीज पुरवणारा डबा बदलून बघितला. मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ नि बादलीभर पाणी ओतायला लावलं. मशीन गुणी लेकरासारखी दर वेळी सुरू झाली.

"अडते तेव्हा पडद्यावर काही लिहून येतं का?"

"येतं ना," धोंडिबा म्हणाला. "विंग्रजी हाय. म्या फोटोबी काढला."

फोटोत काचेवर पडलेली ट्यूबलाइट होती, आणि तिच्याखाली धोंडिबाचा स्वतःचा चेहरा, तोंड उघडं.

"आलाय मात्र छान," दीपमाला म्हणाली.

"पाठवून द्या मग आमच्या मंडळीला," धोंडिबा म्हणाला, आणि केबिनमध्ये बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं.

निघताना ती दारात थांबली. "काका, हे कधीपासून सुरू झालं?"

"दिवाळीपासून. थंडी पडली तवापासून."

"दिवाळीनंतर मशीनमध्ये काही बदललं? नवीन वायर, नवीन बोर्ड, काही?"

कडूबानं मनापासून आठवून बघितलं. "नाय. काहीच नाय."

ती हेल्मेट हातात धरून जरा वेळ मशीनकडं बघत राहिली. "मला सकाळी यावं लागेल. तुम्ही याल त्या वेळेला. तुम्ही रोज करता तसंच सगळं करायचं. मी नुसती बघणार."

*

ती आली तेव्हा रोडवर धुकं होतं. स्कूटी लावून तिनं हातमोजे काढले, तळवे एकमेकांवर चोळले. शालीखाली छातीशी हात दाबून धरला होता.

"लई लवकर निघावं लागलं आसंल," कडूबा म्हणाला.

"दूध काढून ठेवून आलेय. सासूबाई वाटीनं पाजतील. पण वाटी बघितली की तो तोंड फिरवतो, लबाड. आपण आटपू लवकर."

कडूबानं टपरीवरनं तिच्यासाठी चहा आणून दिला. ती गेटजवळच्या बाकावर बसली. त्यानं पांघरुणाची कड उचलली, बटण दाबलं, कड खाली सोडली. झाडू घेऊन पाट्यावर गेला. कुणी आपल्याकडं बघतंय म्हणून तो एरवीपेक्षा जास्त मन लावून झाडत होता.

केबिनमधून टूं टूं सुरू झालं.

दीपमाला उठून आत गेली. कडूबा झाडू टाकून मागोमाग आला. तिनं मशीनला हात लावला नाही. गोधडीला लावला. दोन बोटांनी तिची जाडी बघितली. मग कीबोर्डावरची बाजू अलगद वर उचलली आणि वाकून आत बघितलं, पाळण्यातलं पोर झोपलंय का बघावं तसं. चिरकणं थांबलं. तिनं गोधडी खाली सोडली. दोन बटणं त्या वजनानं खाली दबली. पुन्हा टूं टूं.

"काका, ही गोधडी दिवाळीच्या आधी होती?"

"आधी दुसरी व्हती. पातळ, एका लुगड्याची. धूळ बसू नाय म्हणून. ही आमच्या बाईनं दिवाळीत शिवली." त्याच्या आवाजात नकळत कौतुक आलं. "चार पदरी हाय. आत माझं जुनं स्वेटर घातलंय. मशीनला हिवाळा जड जाईल, म्हणलं व्हतं मी तिला."

"मी विचारलं होतं, दिवाळीनंतर काय बदललं म्हणून."

"तुम्ही मशीनचं इचारलं व्हतं पोरी. पांघरुणाचं नाय."

दीपमालानं मशीन बंद केली. गोधडी पूर्ण काढून त्याच्या हातात दिली. "आता असंच चालू करा. उघडीच."

"अशी? गार पडलीय ती. काही झालं म्हंजे?"

"माझ्या जबाबदारीवर."

त्यानं गोधडी काखेत धरली. बोट बटणापाशी नेलं आणि क्षणभर तिथंच ठेवलं. मग दाबलं.

टुक.

पडदा उजळला. धुक्याच्या त्या थंडीत, पांघरुणाविना, उदबत्तीविना, पहिल्याच झटक्यात.

"चालू होताना ती आधी स्वतःचं अंग चाचपून बघते, काका," दीपमाला हळू आवाजात सांगू लागली. "बटणं मोकळी आहेत ना, हे बघते. कुणीतरी बटण दाबून धरलंय असं दिसलं की ओरडते आणि तिथंच थांबते. या गोधडीच्या वजनानं बटणं दबत होती. तुम्ही ती काढून पुन्हा चालू केली की सुरू. धोंडिबाभाऊ तुमचं ऐकून काढतच नव्हते."

कडूबा उभाच होता. "म्हंजे तिला थंडी वाजतच नव्हती?"

"मशीनला थंडी मानवते उलट."

खिडकीच्या काचेवर दोघांचा श्वास साचला होता. दीपमालाला त्याच्याकडं बघवेना. ती कीबोर्डाची वायर उगीच सरळ करत म्हणाली, "माझ्या पोराचं असंच झालं मागं. रडायचा, रडायचा. सासूबाई म्हणायच्या थंडी वाजतेय, की मी आणखी एक दुपटं गुंडाळायची. आमचे हे म्हणायचे टोपरं घाल, की टोपरं. तो अजून रडायचा. डॉक्टरनी सगळं सोडून बघितलं तर अंगभर घामोळं. एवढ्या थंडीत! मी तिथंच रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, अहो बाई, रडताय काय, नुसतं मोकळं ठेवा त्याला."

कडूबा कसंनुसं हसला. गोधडी अजून काखेतच होती.

बाहेर गेटची साखळी वाजली. धोंडिबा उठला होता. दीपमालानं दाराकडं बघितलं. शिवमनं होळीचं काय ठरवलंय हे रोडवर सगळ्यांना माहीत होतं. तिलाही टपरीवाल्यानं सांगितलं असणार.

"काका," ती म्हणाली, "शिवमशेठ मला विचारतील. काहीच सापडलं नाही, असंही सांगता येईल मला. जुन्या मशीनचं खूपदा सापडत नाही काही. मी उगीच सांगत नाही."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा गोधडी खाली ठेवली. बाजूला सरून खुर्चीवर बसला. नेहमीची जागा, समोर खिडकी, खिडकीत पाटा. काही सापडलं नाही म्हटलं की हा हिवाळा तरी निभेल. पांघरूण काढायचं हे फक्त आपल्याला माहीत. मग उन्हाळ्यात पातळ कापड, तेव्हा मशीन अडणार नाही. पण तोवर होळी टळलेली असेल, पुढचं पुढं. कोणाचं काय बिघडणार होतं?

मशीनचा पंखा बारीक घरघरत होता.

"दिवाळीपासून सगळे तिलाच बोल लावू लागले," तो शेवटी म्हणाला. "डायवर लोकं शिव्या देत्यात, शेठ म्हणत्यात भंगारात टाकू. म्याबी म्हणलो, वय झालं तिचं. अन् ती बिचारी ओरडून ओरडून सांगू लागली, बटण दाबलंय, बटण दाबलंय." त्यानं मान हलवली. "नाय पोरी. जे हाय ते सांगायचं."

*

शिवम नऊच्या सुमारास आला. दीपमाला काही बोलायच्या आत कडूबानंच सांगितलं. सांगताना त्यानं गोधडीला "माझी" म्हटलं, आवडाबाईचं नाव घेतलं नाही.

शिवम आधी खो खो हसला. "गोधडी? काका, गोधडी?" दारातले दोघे-तिघे ड्रायव्हरही हसले. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं, कारण पुढचा प्रश्न त्यालाच विचारावा लागणार होता.

"म्हणजे... कोणीही चालू केली तरी होईल?"

दीपमाला जमिनीकडं बघत होती.

"व्हय," कडूबा म्हणाला.

"माझ्या हातानं नाय व्हत, शेठ," दारातून धोंडिबा एकदम म्हणाला. "म्या सांगतो ना. माझा हातच जड हाय. आमच्या घरी म्या मोटार लावली तर तीबी जळते."

"धोंडिबा, ये इकडं. दाब."

"शेठ, कडूबाभाऊ हायेत ना हितं, मग म्या कशाला..."

"दाब म्हटलं ना."

मशीन बंद केली होती. धोंडिबा टेबलाजवळ आला. हात पॅन्टला पुसला. त्यानं एकदा कडूबाकडं बघितलं. कडूबानं मान हलवली, पाट्यावर गाडी घ्यायला ड्रायव्हरला खूण करावी तशी, ये, ये, अजून ये. धोंडिबानं बोट नुसतं टेकवलं. काहीच झालं नाही.

"नीट दाब," कडूबा म्हणाला. "भिऊ नको."

टुक.

पडदा उजळला, नेहमीसारखी वजनाची चौकट आली, आणि तिच्यात शून्य.

शिवमनं घसा साफ केला. "बरं झालं. सापडलं एकदाचं." मग कडूबाकडं न बघता तो म्हणाला, "काका, होळीला अजून वेळ आहे. घाई काही नाही."

"व्हय, व्हय."

सगळे पांगल्यावर धोंडिबा केबिनच्या पायरीवर बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "भाऊ, म्या पहिल्यांदा मुद्दाम हळू दाबलं व्हतं."

"दिसलं मला."

"तुम्ही कामून बोलला मग?"

कडूबानं खिशातून तंबाखूची पुडी काढली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "गाडी आली बघ. साखळी काढ."

दीपमाला स्कूटी सुरू करता करता थांबली, परत आली आणि त्याच्या पाया पडली. तो गडबडला. "अगं, अगं! जा लवकर. लेकरू वाट बघत आसंल."

*

संध्याकाळी आवडाबाई भाकरी थापत होती. थंडीत तिची बोटं आखडायची. दर भाकरीमागं ती हात चुलीपुढच्या निखाऱ्यांवर धरून शेकायची. शिवणाऱ्या बोटांवर सुईची बारीक काळी टिंबं होती.

"आली व्हती का ती छावणीची पोरगी?"

"आली व्हती."

"सापडलं का तुमच्या हिचं दुखणं?"

"सापडलं."

"काय निघालं?"

कडूबानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. घोटभर प्याला. "थंडीच व्हती."

"मी म्हणलं नव्हतं?" आवडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. चेहरा उजळला होता. "पोरगी शिकलेली हाय, पण सांगितलं शेवटी आपलंच. गोधडी पुरती ना पण? का अजून एक पदर लावू?"

"नको, नको. पुरती. लई ऊब धरती."

"धरणारच. चार पदरी हाय." तिनं भाकरी उलटली. जरा थांबून, त्याच्याकडं न बघता विचारलं, "मग आता त्या धोंडिबाच्या हातानंबी सुरू व्हईल का?"

"व्हईल."

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती काढून त्याच्या ताटात ठेवली, पहिली, कडक, त्याला आवडते तशी. मग दुसरी थापायला घेतली. त्या संध्याकाळी तिनं त्याला एकही टोमणा मारला नाही.

*

होळी झाली. शिवमनं कडूबाला शाल दिली, नारळ दिला. थोरले शेठ गाडीत बसूनच आले आणि त्याचा हात हातात धरून बसले. धोंडिबा चार दिवस रोज काहीतरी विचारायला फटफटीवर यायचा. पावतीचा कागद अडकला, अमुक गाडीचं रिकामं वजन किती धरायचं. मग त्यालाही सवय झाली, आणि फटफटी यायची थांबली.

कडूबाला जाग मात्र त्याच वेळेला यायची. अंगणात उजाडायच्या आधीचा राखाडी उजेड असायचा. तो कूस बदलायचा, आवडाबाईची झोपमोड होऊ नये म्हणून खोकला दाबायचा.

अशाच एका पहाटे रोडवरनं एक गाडी गेली. बिडकीनकडून येणारी. वळणावर तिनं गियर खाली टाकला आणि चढाला लागली. कडूबानं डोकं उशीवरून उचललं.

"भरलेली हाय," तो म्हणाला.

आवडाबाई जागीच होती. "काय?"

"गाडी. लोखंड दिसतंय. टायर दबल्याचा आवाज हाय."

"आसू द्या. पडा जरा."

तो पडला नाही. उठून बसला, गुडघ्यांभोवती हात घालून. गाडीचा आवाज चितेगावच्या दिशेनं बारीक होत गेला. काट्यापाशी ती थांबते की सरळ शहराकडं जाते, ते एवढ्या लांबून कळणार नव्हतं. तरी आवाज पार मिटेपर्यंत त्यानं कान तिकडंच लावून ठेवला. आवडाबाईही उठली आणि त्याच्याशेजारी तशीच बसून राहिली.